दोनशेचा वेग जिन्यातच कुठे सांडतो?

पत्र: आमचं घर साखर पेठेत. खाली चार मागांचा कारखाना, वर राहायला. मी घरूनच चार-पाच जणांचे हिशेब बघते. टॅली, जीएसटीची रिटर्न्स, शिवाय पुण्याच्या एका ऑफिसशी रोज व्हिडिओ कॉल असतो. लॅपटॉपवर नेट फार हळू चालतं, कॉलमध्ये आवाज तुटतो. गेल्या महिन्यात १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतला, तरी फरक शून्य. केबलवाल्यांचा मुलगा दुपारी आला, राउटरशेजारी उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर १८० दाखवले आणि म्हणाला, "आमच्याकडून फुल येतंय की ओ, तुमचा लॅपटॉपच बघून घ्या." लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, विंडोज १०. दुकानवाल्याने तो फॉरमॅट करून दिला आणि आता म्हणतो राउटर बदला. वरच्या खोलीत माझ्या मोबाइलवर ४५ येतात, त्याच टेबलावर लॅपटॉपवर ६ ते ८. रात्री आठनंतर त्याहूनही वाईट. राउटर खालच्या ऑफिसात लोखंडी कपाटात, कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरशेजारी आहे. बूस्टर घेऊ की नवा लॅपटॉप?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

ताई, दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही पत्रात तीन आकडे दिलेत म्हणून काम सोपं झालंय. राउटरपाशी मोबाइलवर १८०, म्हणजे रस्त्यावरून घरात येणारी लाइन आणि राउटर दुपारी तरी ठीक आहेत. वर त्याच लाइनवर मोबाइलला ४५, म्हणजे कपाट, स्लॅब आणि भिंती मिळून तीन चतुर्थांश वेग खातात. आणि त्याच टेबलावर लॅपटॉपला ७, म्हणजे उरलेली घट लॅपटॉपची स्वतःची. आपल्याकडच्या पाण्यासारखंच आहे हे. हौदात पाणी भरपूर आलंय, वर चढताना गळतंय आणि वरची तोटी पुन्हा अर्धी बंद. नळाला मोठा पाइप जोडून, म्हणजे २०० चा प्लॅन घेऊन, यातलं काहीच सुटत नाही. केबलवाला आणि दुकानवाला दोघेही अर्धं खरं बोलले.

काहीही विकत घ्यायच्या आधी एक संध्याकाळ खर्च करा आणि वहीत आकडे लिहा. जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख सोडून दुसरा दिवस धरा. त्या दोन तारखांना जीएसटीचं पोर्टल गोल गोल फिरत राहिलं तर तो दोष तुमच्या वाय-फायचा असेलच असं नाही.

आधी वायर

लॅपटॉप खाली न्या आणि लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, नाहीतर तो नक्की कुठल्या वाटेने जातोय ते कळणार नाही. राउटर बसवताना डब्यात एक आखूड वायर येते, बहुतेकांकडे ती प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडलेली असते. मग ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम किंवा स्पीडटेस्ट उघडा आणि दोनदा मोजा. दर वेळी एकच साइट आणि जमेल तर एकच सर्व्हर ठेवा.

१७० ते १९० आले तर लाइनही उत्तम आणि लॅपटॉपही निरोगी. ९४-९५ वर येऊन अडकलं तर गंमत वेगळी आहे. १०० एमबीपीएसच्या सॉकेटमधून प्रत्यक्षात एवढंच निघतं. स्वस्त राउटरांना चार सॉकेट असतात, पण गिगाबिटचं (म्हणजे १००० एमबीपीएसचं) एकच, कधी कधी एकही नाही. वायरचाही दोष असू शकतो. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात. टोकाच्या पिनेत चारच तारा बसवलेल्या (क्रिम्प केलेल्या) असल्या किंवा एक तार तुटली तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते, कुठेही लाल दिवा लागत नाही. अशा सॉकेटवर २०० चा प्लॅन म्हणजे पैसे वाया.

वायरवरही दहा-पंधराच आले तर मोबाइलवर त्याच वेळी, तिथेच उभं राहून मोजा. मोबाइलला १८० आणि वायरवरच्या लॅपटॉपला १५ हा बहुधा लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा दोष. अँटिव्हायरसची वेब तपासणी, चालू राहिलेलं व्हीपीएन किंवा मागे चाललेलं डाउनलोड यांपैकी एक. तुमचा लॅपटॉप नुकताच फॉरमॅट झालाय. फॉरमॅटनंतर विंडोज पहिले काही दिवस ढीगभर अपडेट ओढतं आणि वनड्राइव्ह सगळे फोल्डर वर चढवायला बसतं, तेव्हा ही शक्यता मोडीत काढू नका.

हीच वायरची चाचणी रात्री नऊला पुन्हा करा. दुपारी १८० आणि रात्री वायरवर २५ असतील तर गर्दी केबलवाल्यांच्या लाइनवर आहे आणि घरात काहीही हलवून ती जाणार नाही. तेव्हा तक्रार करा, पण "नेट स्लो आहे" अशी नको. वायरवर मोजलेला आकडा, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट असं द्या. वाय-फायवरचा आकडा दिला की "तुमच्या घरचा प्रश्न" हे उत्तर ठरलेलं असतं. रात्री वायरवर १८० राहून फक्त वाय-फायच झोपत असेल, तर कारण शेजाऱ्यांचे राउटर. त्याकडे येतोच.

लिंक स्पीड: एक आकडा, निम्मं निदान

आता वायर काढा, वाय-फाय सुरू करा आणि राउटरपासून सहा-आठ फुटांवर बसा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर क्लिक. पान अगदी तळापर्यंत सरकवा. तिथे प्रोटोकॉल, नेटवर्क बँड, चॅनेल आणि लिंक स्पीड अशा ओळी दिसतील. लिंक स्पीड म्हणजे इंटरनेटचा वेग नव्हे. लॅपटॉप आणि राउटर एकमेकांशी जास्तीत जास्त किती वेगाने बोलायचं ठरवून बसलेत, तो आकडा. प्रत्यक्ष हाती साधारण त्याच्या निम्मं लागतं, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं आणि प्रत्येक वाक्याला पोच द्यावी लागते.

तिथे ७२ दिसलं तर लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) हळू बँडवर आहे आणि एकाच अँटेनाने बोलतोय. उत्तम परिस्थितीत हाती ३५-४०. स्लॅब मधे आला, शेजाऱ्यांची गर्दी झाली की तुमचे ६ ते ८. कमी किमतीच्या कितीतरी लॅपटॉपांत नेमकं हेच एका अँटेनाचं, फक्त २.४ वालं वाय-फाय कार्ड आलंय, आणि मला तुमच्याकडेही याचाच संशय सगळ्यात जास्त आहे. १४४ म्हणजे दोन अँटेना, पण बँड तोच. ४३३ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, एक अँटेना. ८६६ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, दोन अँटेना. राउटरजवळ ४३३ किंवा ८६६ दिसत असेल तर कार्ड चांगलं आहे, वर गेल्यावर ते २.४ वर घसरतंय एवढंच.

एक आकडा मात्र खास आहे, ५४. राउटरजवळ बसूनही ५४ च्या वर जात नसेल तर राउटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जुनं टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी निवडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. त्या जुन्या पद्धतींबरोबर नवा वेग चालवायला नियमातच बंदी आहे, म्हणून सगळं वीस वर्षांपूर्वीच्या ५४ वर येऊन थांबतं. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडलं की दोन मिनिटांत प्रश्न मिटतो. डब्ल्यूएमएम नावाचा पर्याय बंद असला तरी असंच होतं, तो चालू ठेवा.

कार्ड ५ गिगाहर्ट्झचं आहे की नाही, याची खात्री करायला राउटरवर दोन बँडना वेगळी नावं द्यावी लागतील. ते तसंही करायचंच आहे. हल्ली राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली देतो आणि कोणी कुठे बसायचं ते उपकरणावर सोडतो. मोबाइल बरा निवडतो. जुने लॅपटॉप ज्या बँडच्या कांड्या जास्त दिसतात तिथे चिकटतात, आणि कांड्या नेहमी २.४ च्याच जास्त असतात, कारण ती लहर भिंतीतून अधिक पार जाते. चार कांड्या आणि ७ चा वेग एकत्र दिसतो तो असा.

राउटरच्या तळाला स्टिकर असतो, त्यावर पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा. तो ब्राउझरमध्ये टाका. काही केबलवाले हा पासवर्ड बदलून आपल्याकडे ठेवतात. तसं असेल तर त्यांनाच बोलवा आणि पुढच्या चार गोष्टी समोर बसून करून घ्या. २.४ आणि ५ ला वेगळी नावं. २.४ च्या चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, ऑटो किंवा ४० नको. २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक. आणि ५ चा चॅनेल ३६ ते ४८ मधला.

चॅनेलचं कारण सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. २.४ मध्ये आपल्याकडे तेरा चॅनेल दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. पूर्ण सुटे फक्त तीन: १, ६, ११. "सगळे ६ वर आहेत, मी ४ घेतो" असं केलं तर ६ वाल्यांचा गोंगाट तर येतोच, वर १ वाल्यांचाही येतो. शिवाय शेजारी त्याच चॅनेलवर असला तर दोन्ही राउटर निदान एकमेकांचं ऐकून थांबतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर तेही होत नाही, नुसता कलकलाट. साखर पेठ, शुक्रवार पेठ, भवानी पेठ अशा खेटून घरं असलेल्या भागात मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर उघडलंत तर दोन डझन नावं सहज दिसतील. रात्री आठनंतर ती सगळी जागी होतात. तीनपैकी सगळ्यात कमी गर्दीचा चॅनेल निवडा, आणि तो तुमच्या टेबलापाशी बसून निवडा, राउटरपाशी नव्हे. १२ आणि १३ टाळा, काही लॅपटॉपांना ते दिसतच नाहीत.

नावं वेगळी झाल्यावर राउटरजवळ लॅपटॉपवर ५ वालं नाव दिसतंय का पाहा. मोबाइलला दिसतं आणि लॅपटॉपला नाही, तर कार्ड फक्त २.४ चं. दिसत असेल तर त्यालाच जोडा आणि लॅपटॉपला २.४ वाल्या नावाचा विसर पाडा. म्हणजे ते नाव निवडून फर्गेट करा, नाहीतर तो गुपचूप परत जातो.

कपाट, पाणी आणि ऊन

लोखंडी कपाटात राउटर म्हणजे पेटीत ठेवलेला रेडिओ. लहर लोखंडातून जात नाही, ती फटींतून आणि उघड्या दारातून बाहेर पडते, बाकी आतच आपटते. कपाट बंद आणि उघडं असताना वरच्या टेबलावर मोजून बघा, मी काही वेगळं सांगायची गरज उरणार नाही. राउटर बाहेर काढून जिन्याच्या तोंडाशी, सहा-सात फूट उंचीवर भिंतीला लावा. जिन्याची पोकळी ही तुमच्या घरातली स्लॅबमधली सगळ्यात मोठी फट आहे, तिचा फायदा घ्या. फायबरची बारीक वायर मात्र स्वतः ओढू नका. ती फार लहान वेटोळ्यात वळवली की प्रकाश गळतो, कडक दुमडली तर आतली काच तुटते आणि लाल दिवा लुकलुकायला लागतो. केबलवाल्यांकडून लांब पॅचकॉर्ड (तयार टोकांची फायबरची वायर) टाकून घ्या.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरांत पिंपं आणि टाक्या भरलेल्या असतात. पाणी ही लहर शोषतं. राउटर आणि टेबल यांच्या सरळ रेषेत भरलेली टाकी किंवा पिंपांची रांग असेल तर पाणी येऊन गेल्याच्या दिवशी वेग कमी आणि टाकी रिकामी होत आली की बरा, असा लपंडाव चालतो. लोक त्याला "नेटचा मूड" म्हणतात. आरसा लावलेलं कपाट आणि पत्र्याचं पार्टिशन हेही भिंतीत धरा. जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जातच नाही. तुमच्याकडे वर ४५ येतात, म्हणजे तुमच्या वाटेत तसली भिंत नसावी.

आणि उष्णता. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि सोलापूरचा एप्रिल-मे त्याच्या पुढचा. त्यात बंद कपाट, शेजारी तापणारा डीव्हीआर आणि मागावरून उडणाऱ्या सुताच्या तंतूंनी बुजलेली राउटरची भोकं. तापला की राउटर मंदावतो किंवा स्वतःच बंद होऊन सुरू होतो. महिन्यातून एकदा बंद करून कोरड्या ब्रशने भोकं साफ करा, ओलं फडकं नको. अॅडॉप्टर कधी बदललाय का तेही आठवा. राउटरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलं असताना अर्ध्या अँपिअरचा जोडलेला असेल, तर वाय-फाय पूर्ण जोरात चाललं की तो दम सोडतो. लाइट गेल्यावर कॉल तुटू नये म्हणून छोटा राउटर यूपीएस घेणार असाल तर त्यावरचेही व्होल्ट-अँपिअर आधी जुळवा.

लॅपटॉपच्या पोटात

डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अॅडॉप्टर्समध्ये वाय-फाय कार्डाच्या नावावर डबल क्लिक करा. पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. अॅडव्हान्स्डच्या पानावर प्रीफर्ड बँड असा पर्याय दिसला तर ५ गिगाहर्ट्झला प्राधान्य द्या. बाकीच्या वीस पर्यायांना हात लावू नका. मोबाइलवर व्हिडिओ बघून रोमिंग आणि ट्रान्समिट पॉवर हलवणारे पुढे महिनाभर त्याचं दुःख भोगतात.

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर घालून घ्या. फॉरमॅटनंतर विंडोज स्वतःचा जेमतेम चालणारा ड्रायव्हर बसवतं आणि दुकानवाले "वाय-फाय लागलं" एवढं बघून लॅपटॉप परत देतात. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र अजिबात नको, तुमच्या मशिनवर लोकांचे हिशेब आहेत.

टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेत असाल तर हेही बघा. निळ्या जिभेच्या यूएसबी ३ सॉकेटला जोडलेली डिस्क चालू असताना २.४ च्या आसपास रेडिओचा गोंगाट करते. वाय-फायची अँटेना जवळ असली तर वेग एकदम पडतो, वायरलेस माउससुद्धा अडखळतो. बॅकअप आणि कॉल एकाच वेळी नको, किंवा डिस्क काळ्या सॉकेटला लावा. ५ गिगाहर्ट्झवर हा त्रास जवळजवळ नाही.

कॉल तुटण्याचं अजून एक कारण तुमच्या पत्रात लपलंय: डीव्हीआर. कोणी बाहेरून मोबाइलवर कॅमेरे बघत असेल, किंवा घरातले फोन रात्री फोटोंचा बॅकअप घेत असतील, तर वर जाणारी वाट भरते. ती भरली की खाली येणारंही थांबतं, कारण प्रत्येक तुकड्याची पोच वरच्या वाटेनेच जाते. स्पीडटेस्टमध्ये आकडा चांगला आणि कॉलमध्ये आवाज तुटका, हे त्याचं लक्षण.

हे ओळखायची चाचणी सोपी आहे. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. पिंग हा शब्द इंग्रजीत लिहा, एक जागा सोडा, राउटरचा पत्ता, पुन्हा एक जागा, मग आडवी रेघ आणि टी. एंटर. दुसऱ्या खिडकीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून कॉल सुरू करा. राउटरवाल्या खिडकीत एक ते दहा मिलिसेकंद दिसायला हवेत. तिथेच मधून मधून दोनशे-तीनशे किंवा टाइम्ड आउट येत असेल तर दोष वाय-फायचा, घरातला. राउटरवाली खिडकी शांत आणि ८.८.८.८ वाली उड्या मारत असेल तर वाय-फायला बोल लावू नका. डीव्हीआरची वायर पाच मिनिटं काढा, फोनांचे बॅकअप थांबवा आणि पुन्हा बघा. तरीही उड्या चालूच राहिल्या तर केबलवाल्यांना या खिडकीचा फोटो पाठवा. थांबवायला कंट्रोल आणि सी.

आता खरेदी

बूस्टरबद्दल आधी. साधा बूस्टर राउटरकडून ऐकतो आणि त्याच रेडिओवर ते पुन्हा म्हणतो, म्हणून वेग निम्मा होतो. लोक तो जिथे नेट येत नाही तिथे लावतात, म्हणजे त्यालाच मुळात फाटकं ऐकू येतं. वर कांड्या मात्र पाच दिसतात, त्यामुळे पैसे फिटले असं वाटतं. तुमचं कार्ड २.४ चं असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

कार्ड २.४ चंच निघालं आणि लॅपटॉप घरभर फिरवायचा असेल, तर ड्युअल बँडचा यूएसबी वाय-फाय अॅडॉप्टर घ्या. खोक्यावर एसी६०० म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर ४३३ चा, एसी१२०० म्हणजे ८६६ चा. नुसता "३०० एमबीपीएस" लिहिलेला नखाएवढा डोंगल बहुतेक वेळा २.४ चाच असतो, तो घेऊ नका. अॅडॉप्टर लॅपटॉपला थेट न खोचता हातभर एक्स्टेन्शनने वर ठेवलात तर फरक पडतो. आतलं कार्डही बदलता येतं. इंटेलचं एएक्स२१० बऱ्याच लॅपटॉपांत बसतं, पण एएक्स२०१ किंवा एएक्स२११ फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतं, आणि दुकानात ही नावं सर्रास गोंधळतात. शिवाय एका अँटेनाच्या लॅपटॉपात तारही एकच ओढलेली असते. सहा वर्षांच्या मशिनवर मी एवढा खटाटोप करणार नाही.

पण तुमचं काम एका टेबलावरचं आहे, आणि अशा कामाला माझी पसंती वायरलाच. खालच्या राउटरपासून जिन्यातून वर टेबलापर्यंत कॅट ६ ची वायर ओढा. मोजून वीसेक मीटर पुरेल, आणि शंभर मीटरपर्यंत वेगात काही फरक पडत नाही. घेताना पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण वळवताना तुटते. मागांच्या थ्री फेज वायरिंगला खेटून नेऊ नका, फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. गच्चीवरून उन्हातून जाणार असेल तर बाहेरची, काळ्या जाड आवरणाची घ्या. दोन्ही टोकं क्रिम्प झाल्यावर कारागिराला आठही तारा टेस्टरवर दाखवायला सांगा.

घरात जुना राउटर पडला असेल तर तो वर ठेवा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि खालून आलेली वायर त्याच्या वॅनच्या (बाहेरची लाइन जोडायच्या) नव्हे, लॅनच्या सॉकेटला लावा. दुसऱ्या लॅन सॉकेटला लॅपटॉप. वरचं वाय-फाय मग मोबाइलांसाठी चालू राहील. खालच्याला चॅनेल १ असेल तर वरच्याला ११ द्या आणि नावही वेगळं ठेवा, नाहीतर फोन वर येऊनही खालच्यालाच धरून बसतात. जुन्या राउटरचं सॉकेट १०० चं असेल, म्हणजे लॅपटॉपला ९४ मिळतील. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात, टॅलीचा बॅकअप आणि पोर्टल मिळून उरलेल्यातही भरपूर जागा राहते.

लॅपटॉपचं एक वेगळंच काम आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मशिन विंडोज ११ घेतं का ते तपासून घ्या. नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आलीच तर कारण हे असेल, वाय-फाय नव्हे.

वायर बसल्यावर आठवडाभर रात्रीचे आकडे लिहा. टेबलावर ९४ टिकून राहिले, तर बिलाची तारीख यायच्या आत केबलवाल्यांना फोन करून प्लॅन पुन्हा १०० वर आणा. दर महिन्याचा जो फरक वाचेल, त्यात वायर आणि क्रिम्पिंगची मजुरी हळूहळू निघून येईल.